माळा कोणी घातला? एका खोलीच्या घराचा इतिहास वाचताना



आज एका पोटमाळ्याबद्दल लिहिणार आहे. विषय छोटा वाटेल, पण पीएचडीला प्रवेश घ्यायच्या तयारीत असलेल्या प्रत्येकाने वाचावा असं मला वाटतं, कारण माझी पहिली मोठी चूक याच माळ्याने मला दाखवून दिली.

झालं असं की मागच्या मे महिन्यात आम्ही लालबागच्या आमच्या खोलीचं काम काढलं. खोली दहा बाय बाराची. बाबांचे गुडघे गेलेत, त्यांना माळ्याची शिडी चढवत नाही. म्हणून ठरलं की माळा अर्धा काढायचा, खाली सामान ठेवता येईल असा दिवाण करायचा, आईचा ओटा नीट करायचा आणि जमलं तर मला लिहायला एक टेबल. बजेट सत्तर हजार रुपये, त्याच्या वर एक रुपया नाही. सुताराने पहिली फळी उचकटली आणि तिच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेलं माप निघालं. शेजारी आजोबांचं नाव आणि साल, 1964.

मी एम.एस्सी. केलं फिजिक्समध्ये, आणि आता पीएचडी करते आहे मुंबईतल्या कामगार घरांच्या इतिहासावर. म्हणजे मोजमापाची सवय जुनी, इतिहासाची नवी. फळी हातात आल्यावर मी लगेच वहीत लिहिलं, "पोटमाळा, 1964, आजोबांनी घातला." लेखी पुरावा होता, साल होतं, नाव होतं. अजून काय पाहिजे? पुढे बघू, ते वाक्य किती टिकतं.

आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही

आधी थोडी पार्श्वभूमी. मुंबईत 1850च्या दशकात कापडगिरण्या सुरू झाल्या आणि पुढच्या पन्नास वर्षांत परळ, लालबाग, भायखळा, वरळी हा भाग गिरणगाव झाला. कोकणातून, घाटावरून माणसं आली. त्यांच्यासाठी खासगी मालकांनी चाळी बांधल्या, काही गिरण्यांनीही बांधल्या. 1896 मध्ये प्लेग आला. दाटीमुळे रोग पसरतो म्हणून सरकारने 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. जुन्या वस्त्या पाडायच्या, रस्ते रुंद करायचे, नवीन घरं बांधायची, हे त्याचं काम. परळच्या बीआयटी चाळी या ट्रस्टच्याच.

पहिल्या महायुद्धानंतर भाडी भडकली. तेव्हा गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या काळात, 1920 मध्ये, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट म्हणजे बीडीडी सुरू झालं. पैसा उभा करण्यासाठी शहरात येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गासडीवर एक रुपया कर बसवला. उद्दिष्ट होतं 50,000 खोल्यांचं. प्रत्यक्षात उभ्या राहिल्या 207 चाळी: वरळीला 121, नायगावला 42, डिलाईल रोडला म्हणजे आजच्या ना. म. जोशी मार्गावर 32 आणि शिवडीला 12. एका चाळीत तळमजला अधिक तीन मजले, मधोमध बोळ, दोन्ही बाजूंना दहा-दहा खोल्या. मजल्याला 20, चाळीला 80. खोली सुमारे 160 चौरस फुटांची आणि संडास सामाईक.

याच सुमारास, 1921-22 मध्ये, मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली. फिंडले शिरास हे तिचे प्रमुख. त्यांनी 2,473 कुटुंबांचे हिशेब गोळा केले. त्यातली सुमारे 97 टक्के कुटुंबं एकाच खोलीत राहत होती.

97 टक्के हा आकडा वाचला की आपण थांबतो. मीही थांबले. संशोधनाच्या पहिल्या वर्षी मी एक मोठा तक्ता केला. खोलीचं क्षेत्रफळ भागिले माणसं, म्हणजे माणशी चौरस फूट. आमच्या खोलीचं गणितही त्यात घातलं. 1964 मध्ये आमच्याकडे नऊ माणसं राहायची: आजोबा, आजी, पाच मुलं आणि गावाहून आलेले आजोबांचे दोन चुलतभाऊ. 120 भागिले 9, म्हणजे माणशी साधारण 13 चौरस फूट. एक माणूस आडवा झाला तर तेवढी जागा लागतेच. मी निष्कर्ष लिहिला, "या जागेत राहणे जवळजवळ अशक्य."

माझ्या गाइड मॅडमनी तक्ता बघितला आणि एकच प्रश्न विचारला, "किती वाजता?"

मला कळलंच नाही. मग त्या म्हणाल्या, "नऊ माणसं किती वाजता त्या खोलीत होती? आणि अशक्य म्हणतेस, पण ती तर राहिली ना? मग कशी राहिली, हा तुझा प्रश्न आहे."

मित्रांनो, फिजिक्समध्ये आपण याला व्हेरिएबल सुटणं म्हणतो. मी जागा मोजली होती, वेळ मोजलीच नव्हती.

वेळेने बनलेलं घर

गिरण्या पाळ्यांमध्ये चालायच्या. दिवसपाळी, दुसरी पाळी, रातपाळी. त्यामुळे एका खोलीतली सगळी माणसं एकाच वेळी झोपत नव्हती. रातपाळीचा माणूस सकाळी घरी यायचा, तेव्हा दिवसपाळीवाल्याची वळकटी गुंडाळून कोपऱ्यात लागलेली असायची. एकट्या राहणाऱ्या कामगारांच्या गाळ्यांत तर एका पथारीची जागा दोघं-तिघं आलटून पालटून वापरायचे. भाडं वाटून घेतलं जायचं, तशीच झोपही.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण तुम्ही शाळेत वाचलं असेल, पण घराच्या रचनेचं उदाहरण म्हणून कधी वाचलं नसेल. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं कुटुंब मुंबईला आलं तेव्हा लोअर परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहायचं. त्याच खोलीत चूल, भांडी, सरपण आणि सगळी माणसं. मुलगा एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकत होता आणि अभ्यासाला ना जागा, ना शांतता. वडिलांनी, रामजी सकपाळांनी, काय तोडगा काढला? मुलाला लवकर झोपायला लावायचं, स्वतः पहाटे दोनपर्यंत जागं राहायचं, मग मुलाला अभ्यासाला उठवायचं आणि आपण त्याच्या जागेवर आडवं व्हायचं. आंबेडकरांच्या चरित्रांत हा प्रसंग येतो.

आपण तो त्यागाची गोष्ट म्हणून ऐकतो, आणि ती आहेच. पण जरा घर म्हणून बघा. भिंत हलली नाही, फळी लागली नाही, एक पैसा खर्च झाला नाही. तरी त्या खोलीत पहाटे दोन वाजता एक अभ्यासिका तयार झाली. तिची किंमत होती वडिलांची झोप. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पुढे हे कुटुंब परळच्या बीआयटी चाळीत आलं. चाळ क्रमांक 1, दुसरा मजला, खोली क्रमांक 50 आणि 51. दोन खोल्या मिळाल्या तशी एक अभ्यासाला गेली, दुसरी संसाराला. 1912 ते 1934 अशी बावीस वर्षं हा पत्ता होता. त्यानंतर दादरच्या हिंदू कॉलनीत बाबासाहेबांनी 'राजगृह' बांधलं, ते मुख्यतः ग्रंथांसाठी. डबक चाळीतली पहाट ते राजगृहातलं ग्रंथालय या प्रवासात 'अभ्यासाची जागा' हा एकच धागा धरला, तरी एक चांगला शोधनिबंध होईल.

मॅडमच्या प्रश्नानंतर मी आमच्या खोलीचा चोवीस तासांचा तक्ता केला. आई-बाबांना विचारलं, काकांना विचारलं. रात्री अकरा वाजता खोलीत फक्त पाच माणसं निघाली. आजोबा आणि एक चुलतभाऊ दुसऱ्या पाळीला, मोठे काका गॅलरीत, दुसरा चुलतभाऊ माळ्यावर. माझा "अशक्य" हा शब्द त्या दिवशी खोडला गेला.

उंचीने बनलेलं घर

वेळ संपली की माणूस वर बघतो. जुन्या चाळींमध्ये छत उंच असायचं. आमचं अकरा फुटांचं आहे. साडेसहा फुटांवर आडव्या तुळया टाकून अर्ध्या खोलीवर फळ्या मारल्या की झाला पोटमाळा. दहा बाय सहाचा माळा म्हणजे साठ चौरस फूट. खोलीचं भाडं न वाढता दीडपट जागा! वर साधारण चार फूट उरतात, म्हणजे बसता येतं, झोपता येतं, उभं राहता येत नाही.

आता माळा लाकडीच का? आणि ठोकाठोकी एवढी सांभाळून का? याचं उत्तर सुताराकडे नाही, ते कायद्यात आहे. 1947 चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा आला आणि भाडी सप्टेंबर 1940 च्या पातळीला बांधली गेली. भाडेकरूला त्याचा मोठा आधार झाला. पण त्याच कायद्यात असंही होतं की मालकाच्या लेखी परवानगीशिवाय भाडेकरूने जागेत पक्कं बांधकाम केलं, तर मालक त्याला जागा खाली करायला लावू शकतो. म्हणून जे काही करायचं ते "पक्कं" दिसता कामा नये. लाकूड, खुंट्या, बोल्ट, उद्या काढता येईल असं. भाडं थिजलेलं असल्यामुळे मालक दुरुस्तीला पैसा घालेना, आणि भाडेकरू घाबरून पक्कं काही करेना. या दोघांच्या मध्ये चाळीतली सुतारकी वाढली.

पक्कं म्हणजे काय, यावर कोर्टात भरपूर भांडणं झाली. आज लागू असलेल्या 1999 च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्यात तर यादीच दिली आहे की कोणत्या गोष्टी पक्कं बांधकाम धरायच्या नाहीत: लाकडी पार्टिशन, उभ्याने स्वयंपाक करायचा ओटा, दार, जाळी, हवेसाठी लागणारी खिडकी, फॉल्स सीलिंग, एसी, धुराडं. ही यादी एकदा शांतपणे वाचा. मुंबईच्या भाडेकरूंनी आपल्या घरात काय काय बदललं आणि कशावरून मालकाशी वाजलं, त्याची ही सूचीच आहे. स्वयंपाकघराच्या इतिहासाचं साधन म्हणून भाडेकायदा वाचावा लागेल, हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर मी हसले असते.

ओट्याचंच बघा. चूल आणि शेगडी होती तोवर बाई बसून स्वयंपाक करायची. स्टोव्ह आला तरी तो जमिनीवरच. सिलिंडरचा गॅस मुंबईत 1950च्या दशकात आला. सिलिंडर खाली उभा करायचा आणि शेगडी त्याच्या वर, म्हणून कडप्प्याचा ओटा आला. ओट्याखाली सिलिंडर, पिंप, डबे बसले आणि बसण्याची जागा मोकळी झाली. गॅसने धूर घालवला, आणि जमिनीवरची दोन-तीन माणसांची जागाही परत दिली.

पण उंचीचं एक भौतिकशास्त्र आहे आणि ते कोणाला चुकत नाही. गरम हवा वर जाते. खाली स्टोव्ह पेटला की त्याची धग माळ्यावर साठते. पंखा लावायचा तो माळा नसलेल्या अर्ध्या भागात, कारण माळ्याखाली पातं फिरायला उंचीच नाही. म्हणजे माळ्यावर झोपणाऱ्याला छताची उष्णता, स्वयंपाकाची धग आणि पंख्याची झुळूक शून्य. तिथे कोण झोपायचं? घरातला सगळ्यात तरुण कमावता पुरुष, नाहीतर गावाहून आलेला पाहुणा. ज्याला तक्रार करता येत नाही तो.

उंबऱ्याबाहेरचं घर

खोली संपली तरी घर संपत नव्हतं. गॅलरी, जिना, नळाची जागा, गच्ची हे सगळं घरातच धरलेलं. पापड-कुरडया गच्चीवर, रात्रीची झोप गॅलरीत, लग्नाची पंगत चाळीच्या चौकात.

गिरगावात याचं एक प्रसिद्ध उदाहरण आहे. 15 मार्च 1959 ला गिरगावच्या लोहाणा निवासातल्या सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. तेच पुढे श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड झालं. कारखान्याची जागा त्यांना परवडणारी नव्हती. गच्ची होती, ऊन फुकट होतं. व्यवसायाच्या इतिहासात ही यशोगाथा म्हणून येते. घराच्या इतिहासात मात्र ती गच्चीची गोष्ट आहे.

आराखडे कोणाचे?

तुम्हाला वाटेल, हे सगळं चाललं होतं तेव्हा तज्ज्ञ काय करत होते? ते होते की. इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंग्याला नवी उपनगरं आखली. तिथे मध्यमवर्गासाठी स्वतंत्र स्वयंपाकघर आणि आत संडास असलेले 'ब्लॉक' उभे राहिले. 1937 मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सने फोर्टच्या टाउन हॉलमध्ये 'आयडियल होम एक्झिबिशन' भरवलं आणि आदर्श घर कसं असावं ते मुंबईकरांना दाखवलं. पुण्याचे अभियंते आर. एस. देशपांडे यांनी 1930च्या दशकात मध्यमवर्गासाठी कमी खर्चाच्या, आरोग्याला चांगल्या घरांचे आराखडे देणारी पुस्तकं लिहिली. 'स्वस्तात चांगलं घर' हा विषय तेव्हाही लोकांच्या जिव्हाळ्याचा होता.

पण या सगळ्यांचा वाचक किंवा प्रेक्षक तो, ज्याच्याकडे बांधायला जागा आहे किंवा निवडायला पर्याय आहे. लालबागच्या खोलीत बदल करणाऱ्याकडे ना प्लॉट, ना मालकी. त्याचा आर्किटेक्ट म्हणजे नाक्यावरचा सुतार, ओट्याचा मिस्त्री आणि घरातली बाई. त्यांनी कागदावर आराखडे काढले नाहीत. म्हणून संग्रहालयात आदर्श घराचे आराखडे मिळतात, पोटमाळ्याचे मिळत नाहीत. संशोधक म्हणून इथे सावध राहा: ज्याचा कागद उरला त्याचाच इतिहास लिहिला जातो.

बिल कोणी भरलं?

आता परत त्या फळीकडे. आजोबांचं नाव, 1964. मी माझं पेन्सिलीचं मोठं संशोधन आत्याला दाखवायला डोंबिवलीला गेले. आत्या तेव्हा अकरा वर्षांची होती. तिने फळीचा फोटो बघितला आणि म्हणाली, "नाव तात्यांचंच असणार. सुतार नाव पुरुषाचंच विचारणार. पण तात्यांनी कुठले गो पैसे आणायचे? माळ्याचे पैसे आईचे."

मग जे कळलं ते आमच्या घरात कधी कोणी बोललंच नव्हतं. आजी खानावळ चालवायची. आठ गिरणी कामगारांचे दोन वेळचे डबे आणि जेवण. सुताराचे दोनशे दहा रुपये तिने त्यातून दोन वर्षांत साठवले होते. आणि माळा घालायचं खरं कारण? खालची जमीन मोकळी व्हायला हवी होती, कारण आठ माणसांना दोन पंगतींत जेवायला बसवायचं होतं. माळा झोपण्यासाठी घातला असं मी धरून चालले होते. तो घातला होता पंगतीसाठी.

"आणि आजी कधी झोपायची?" मी विचारलं.

आत्या थोडा वेळ गप्प बसली. "रातपाळीचा शेवटचा डबा गेला की. आणि पहाटे चारला नळ यायचा. मला तर ती झोपलेली आठवतच नाही."

मी घरी येऊन चोवीस तासांचा तक्ता परत काढला. आजीची ओळ मी रिकामी सोडली होती. "सतत घरात" एवढंच लिहिलं होतं. ती ओळ भरली तेव्हा तिच्या झोपेला जेमतेम चार तास उरले. खोली सगळ्यांना पुरली, कारण एका माणसाने तिच्यात आपला वाटा घेतलाच नाही. डबक चाळीतल्या वडिलांची झोप चरित्रांत तरी नोंदली गेली, कारण मुलगा आंबेडकर झाला. आजीची कुठे नोंदली जाणार?

हे फक्त आमच्या घरचं नाही. गिरणगावात अशा हजारो बायका खानावळी चालवायच्या आणि माल उधारीवर किंवा सावकारी व्याजाने घ्यायच्या. कामगार चळवळीत काम करणाऱ्या प्रेमा पुरव यांनी त्यांना एकत्र आणून 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं आणि राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज त्यांच्यापर्यंत पोचवलं. तोपर्यंत सरकारी कागदांत या बायका 'गृहिणी' आणि त्यांची जागा 'राहण्याची खोली' एवढंच होतं. 1982 च्या जानेवारीत गिरणी संप सुरू झाला तेव्हा कित्येक घरं अशाच कमाईवर तगली. आमचंही.

म्हणून माझ्या प्रबंधाचा मुख्य मुद्दा आज असा आहे: कमी खर्चात घर बदललं, असं वाचलं की लगेच विचारायचं, कमी खर्च कोणाचा? रुपये वाचले तर त्या बदल्यात दुसरं काहीतरी गेलं असणार. कोणाची झोप, कोणाचे गुडघे, कोणाचा आडोसा. चाळीतल्या मुलींना कपडे बदलायला मोरीचा पडदा आणि आईची पाठ एवढाच आडोसा असायचा. चाळ किती प्रेमळ होती हे सांगणाऱ्या आठवणींत हे सहसा येत नाही. आणि चाळ म्हणजे नुसती दैन्यावस्था असं सांगणाऱ्या अहवालांत लोकांची अक्कल येत नाही. दोन्ही अर्धवट आहेत.

तुम्हाला करायचं असेल तर

विषय निवडायच्या तयारीत असाल तर हे माझ्या अनुभवातून.

पहिलं, मोजा, पण तीनही बाजू मोजा. लांबी-रुंदीबरोबर उंची घ्या आणि चोवीस तासांचा तक्ता करा. तक्त्यात ज्या माणसाची ओळ "सतत घरात" अशी येईल, तिथे थांबा. तिथेच काम आहे.

दुसरं, कागद शोधा, पण ओळखीचे नव्हे तेवढेच. भाडेपावती, रेशनकार्ड, विजेचं बिल तर बघाच. लग्नाचा आणि बारशाचा अल्बमही बघा. फोटोत माणसांच्या मागे भिंत असते. मांडणी कधी आली, ट्यूबलाइट कधी लागली, लोखंडी कपाट कुठे होतं, ते मागे दिसतं. (गोदरेजने कुलपांचा धंदा 1897 मध्ये सुरू केला तो आमच्या लालबागमध्येच. स्टीलची कपाटं ते 1923 पासून करू लागले.)

तिसरं, लेखी पुराव्यावर नाव असलं म्हणजे काम त्यानेच केलं असं नाही. माझी वही आठवा. एकाच घटनेबद्दल निदान दोन पिढ्यांना आणि शक्यतो एका बाईला विचारा.

चौथं, विचारताना परवानगी घ्या. आपलीच आत्या असली तरी. काही गोष्टी तिने सांगितल्या आणि म्हणाली, "हे लिहू नकोस." मी लिहिल्या नाहीत.

पाचवं, वाचन. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांचं 'वन हंड्रेड इयर्स, वन हंड्रेड व्हॉइसेस' हे गिरणगावाच्या मौखिक इतिहासाचं पुस्तक आणि आडारकरांनीच संपादित केलेलं 'द चॉल्स ऑफ मुंबई' इथून सुरुवात करा.

आणि उशीर करू नका. ऑगस्ट 2025 मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतल्या पहिल्या 556 कुटुंबांना नव्या टॉवरमधल्या 500 चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. 160 वरून 500. शंभर वर्षांनी का होईना, त्या कुटुंबांना हे मिळालं याचा आनंदच आहे. कोणी माळ्यावर झोपावं म्हणून मी इतिहास लिहीत नाही. पण चाळ पाडताना फळी कोणी उलटी करून बघत नाही. ती एका दिवसात ट्रकमध्ये जाते. त्याआधी एकदा वर चढून टॉर्च मारा.

आमच्या खोलीचं काम सदुसष्ट हजारांत झालं. माळा अर्धा राहिला, फक्त सामानाला. बाबा खाली दिवाणावर झोपतात. मला भिंतीला दुमडणारं टेबल मिळालं. पण सुतार ते ठोकणार तेवढ्यात लक्षात आलं की टेबल उघडलं की आईचा मोरीकडे जायचा रस्ता बंद होतो. तिचा सकाळचा सगळा वेळ ओटा ते मोरी असाच जातो. आधी ती म्हणाली, "असू दे गं, मी जाईन वळसा घालून." मी टेबल खिडकीखाली सरकवलं. तिथे ते दीड फूट छोटं झालं. हा लेख त्याच टेबलावर लिहिला आहे.

फळी मी ठेवून घेतली. वहीतलं वाक्य मात्र बदललं: "पोटमाळा, 1964. खर्च आजीचा, खानावळीच्या कमाईतून. फळीवर नाव आजोबांचं."

तुमच्या घरात असं काय आहे, की जे 'त्यांनी केलं' असं सगळे म्हणतात? या रविवारी घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईजवळ बसा आणि विचारा, पैसे कुठून आले होते. वही जवळ ठेवा.